वकिली सोडून दिल्लीच्या राजकारणात जावं का? आणि २३७ फायलींचं काय?

काळा_कोट_सोलापूर

नमस्कार मंडळी. इथं मी बहुतेक वाचनमात्र. उजनीच्या पाण्याच्या धाग्यावर एकदा कडाकडा भांडलो होतो, तेवढंच. आज मात्र सल्ला हवाय.

वय ४४. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात १९ वर्षं वकिली. काम बहुतेक दिवाणी: वाटपाचे दावे, मनाई हुकूम, दरखास्ती, शिवाय अपघाताचे क्लेम. फौजदारीला माझा आवाज पुरत नाही, हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.

एका राष्ट्रीय पक्षाच्या कायदा विभागातून बोलावणं आलंय. पक्षाचं नाव विचारू नका, धागा तिकडेच वाहत जाईल. दिल्लीत राहायचं, पूर्ण वेळ काम करायचं. निवडणूक याचिका, निवडणूक आयोगापुढच्या तक्रारी, खासदारांसाठी विधेयकांवर टिपणं. "पुढचं पुढे बघू" असंही म्हणालेत. या तीन शब्दांवर आजवर किती वकिलांनी कोट खुंटीला टांगले असतील कोण जाणे.

सोलापूरच्या तिकिटाचा विषय डोक्यात नाही. आपली लोकसभेची जागा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे आणि मी त्या प्रवर्गातला नाही. त्यामुळे 'उभा राहणार का' हा प्रश्न कृपया नको.

बायको म्हणते जा. मुलगी दहावीला आहे, ती म्हणते माझी परीक्षा झाल्यावर जा. अडलंय ते तिसऱ्याच ठिकाणी. ऑफिसच्या कपाटात २३७ चालू फायली आहेत. त्यांचं काय करू?

कडक_भाकरी

काय बे वकील, दिल्लीला जायलास म्हणे! अभिनंदन. जाताना शेंगा चटणी दोन किलो ने. तिकडं शेंगदाण्याचा कूट मिळतो आणि त्यालाच चटणी म्हणतात.

फायलींचं काय एवढं? दे की ज्युनिअरला.

माजी_नाझर

वकीलसाहेब, ३१ वर्षं कोर्टात काढली आहेत म्हणून बोलतो.

इथल्या कोर्टातून दिल्लीला जाणं हे सोलापूरला नवं नाही. सुशीलकुमार शिंदे याच कोर्टात नोकरीला होते. पुढे कायद्याची पदवी, पोलीस खात्यात फौजदारकी, १९७१ ला तीही सोडली, १९७४ ला करमाळ्याची पोटनिवडणूक जिंकली, आणि २०१२ ला देशाचे गृहमंत्री. ही झाली सांगायची गोष्ट. आता न सांगायची सांगतो. त्यांना २०१४ ला सोलापुरात पाडलं तेही एका वकिलानंच. शरद बनसोडे २००९ ला त्यांच्याकडून हरले होते, २०१४ ला सुमारे दीड लाख मतांनी निवडून आले, आणि २०१९ ला पक्षानं त्यांना तिकीटच दिलं नाही. त्या वेळी जयसिद्धेश्वर स्वामी आले. त्याच निवडणुकीत प्रकाश आंबेडकर उभे होते, तेही वकील, तिसऱ्या क्रमांकावर राहिले. २०२४ ला प्रणिती शिंदे. तीन निवडणुकांत तीन खासदार. आमच्या वेळी बेंच क्लार्कसुद्धा इतक्या भराभर बदलत नसत.

तुम्ही उभे राहणार नाही, कबूल. पण राजकारणात काम म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर काम. कोर्टात निदान अपील असतं.

पूर्वभागकर

नाझरसाहेब, लोकसभा जिंकणं-हरणं हा वेगळा विषय. मला दुसरंच म्हणायचंय.

आमचं घर अशोक चौकाच्या मागं. घरात तेलुगू. वडील यंत्रमागावर होते, आई बिड्या वळायची. वडिलांच्या ग्रॅच्युइटीच्या केसला वकील साक्षीआधी त्यांच्याशी तेलुगूत बोलायचे, कोर्टात मराठीत, निकाल यायचा इंग्रजीत. तीच माणसं अक्कलकोटच्या पक्षकाराशी कन्नड बोलताना ऐकली आहेत. मला वाटायचं सगळेच वकील असे असतात. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा कळलं की नसतात.

दिल्लीला असा माणूस गेला तर बरंच आहे. यंत्रमाग धोरण आणि बिडी कामगारांचं कल्याण यावर तिकडं टिपण लिहिणारा कधी कारखान्यात वाकून बसला नसेल. तुम्ही निदान बिडी वळणाऱ्या बाईची उलटतपासणी होताना पाहिली आहे. जा.

(फक्त हिंदी सुधारा. "हम जा रहेलाय" म्हणालात तर विधेयक पडेल.)

दिल्लीत_दहा_वर्षं

मूळचा विजापूर रोडचा. इथं एका खासदारांच्या कार्यालयात काम करतो, म्हणून थोडं आतलं.

अधिवेशनात विधेयकाची प्रत हातात येते ती कधी कधी आदल्या रात्री. सकाळी नऊला साहेबांना दोन पानं हवी असतात: काय बदललं, आपल्या राज्यावर काय परिणाम, कुठं बोट ठेवायचं. ते तुमच्यासारख्याच कुणीतरी रात्री जागून लिहिलेलं असतं. सभागृहात वाचलं जातं तेव्हा नाव साहेबांचं. याची सवय करून घ्या. कोर्टात निदान निकालपत्रावर वकिलाचं नाव छापून येतं.

निवडणुकीच्या काळात तर झोपच नाही. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, रकाना कोरा राहिला तरी अर्ज बाद होऊ शकतो. गेल्या ५ वर्षांचं उत्पन्न, जोडीदाराचं उत्पन्न, गुन्हे, कर्ज, सगळं त्यात. लोकसभेला मोठ्या राज्यात खर्चाची मर्यादा ९५ लाख, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात. सोलापूरच्या वकिलांना विलंब माफीच्या अर्जाची सवय असते. इथं तो अर्जच नाही. ४६ वा दिवस उजाडला की याचिका मेली.

आता तुमच्या सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं. हे नीट वाचा, कारण भलेभले इथं चुकतात. खासदार किंवा आमदार झालेला वकील वकिली करू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं २५ सप्टेंबर २०१८ ला तसं स्पष्ट केलंय; लोकप्रतिनिधी हा कुणाचा पूर्णवेळ पगारी नोकर नाही, असं त्याचं कारण. पण तुम्ही खासदार होत नाही आहात. तुम्ही पक्षाचे पूर्णवेळ पगारी माणूस झालात तर बार कौन्सिलचा नियम ४९ आडवा येतो: पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवायचं आणि वकिली थांबवायची. म्हणजे गंमत बघा, निवडून आलात तर कोट अंगावर राहतो, निवडून आणायला गेलात तर उतरवावा लागतो.

मार्ग दोन. एक, पगार घ्यायचाच नाही, कामागणिक फी घ्यायची. दोन, सनद स्वतःहून स्थगित करून ठेवायची आणि परत आल्यावर सुरू करायची. काय ठरलंय ते आधी कागदावर घ्या. राजकारणात तोंडी वकीलपत्र चालत नाही.

गड्डा_गर्दी

एवढा हिशेब कशाला? चित्तरंजन दासांनी चालती वकिली एका झटक्यात सोडली. मोतीलाल नेहरूंनी सोडली. १९३० ला याच सोलापुरात लोकांनी मार्शल लॉ सोसला, चौघं फासावर गेले, तेव्हा कुणी नियम ४९ विचारला नाही. चार पुतळ्यांपाशी जाऊन पाच मिनिटं उभे राहा, उत्तर मिळेल.

वकिलीणबाई

गड्डा भाऊ, चौघांना माझाही नमस्कार आहे. पण मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, ती परक्या सरकारशी लढून. इथं प्रश्न आहे पक्षाच्या ऑफिसात टेबल मिळण्याचा. दोन्ही एका तागडीत घालू नका.

आणि दासबाबूंच्या घराला जुळे सोलापूरच्या फ्लॅटचा हप्ता नव्हता. आमच्या घरात दोघेही वकील. एकाची वकिली सहा महिने बंद पडली तर काय होतं ते मला माहीत आहे, कारण बाळंतपणात माझी पडली होती. परत आले तेव्हा अर्धे पक्षकार दुसऱ्यांकडं होते. रागानं नव्हे, तारीख होती म्हणून गेले.

सोडायचंच असेल तर पक्की सोडवणूक करून सोडा. अरुण जेटली २००९ ला राज्यसभेत विरोधी पक्षनेते झाल्यावर वकिलीतून बाहेर पडले. उज्ज्वल निकम २०२४ ला उत्तर मध्य मुंबईतून उभे राहिले, १६,५१४ मतांनी पडले, पुन्हा विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली तेव्हा त्यावर वाद झाला, आणि जुलै २०२५ ला राज्यसभेवर नियुक्त झाले. त्यांना परत यायला दार होतं. आपल्यासारख्यांना दार असतं, पण आत दुसऱ्याचं टेबल लागलेलं असतं.

ज्युनिअर_होते_मी

हा धागा कालपासून तीनदा उघडला आणि बंद केला. शेवटी लिहितेच.

माझे सीनियर राजकारणात गेले. नाव, गाव, पक्ष काही सांगणार नाही. माणूस वाईट नव्हता. मला उलटतपास त्यांनीच शिकवला. एका सोमवारी सकाळी कारकुनानं माझ्या हातात कपाटाची चावी ठेवली आणि म्हणाला, "साहेब प्रचाराला गेले. बोर्डावर आज अकरा आहेत."

म्हणजे त्या दिवशीच्या यादीत अकरा केसेस. माझी वकिली तेव्हा चौथ्या वर्षात. त्यातल्या सात फायली मी कधी उघडलेल्या नव्हत्या. तीन कोर्टांत एकाच वेळी पुकारा. मी धावत एका कोर्टात गेले तर दुसरीकडं दावा गैरहजेरीत काढून टाकला. संध्याकाळी तो पक्षकार आला. गावाकडचा, साठीचा. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खिशातून डायरी काढली आणि साहेबांना कुठल्या तारखेला किती दिले ते वाचून दाखवलं. पहिल्या पानापासून. मी उभी होते, तो वाचत होता. मग म्हणाला, "ताई, फी सगळी दिलेली आहे. तुम्हाला परत कशाची देऊ?"

बरोबर होतं त्याचं. मी काय बोलणार? तो दावा पुन्हा बोर्डावर घ्यायचा अर्ज मी फुकट केला. त्या रात्री अर्ज टाईप करत होते तेव्हा समोरच्या चौकातल्या सभेत आमचे साहेब तळागाळातल्या माणसाच्या न्यायावर बोलत होते. लाउडस्पीकर चांगला होता, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

तर "दे की ज्युनिअरला" असं वर कुणीतरी सहज लिहिलंय, त्यांना नम्रपणे सांगते. फाईल दिली म्हणजे केस दिली असं होत नाही. पक्षकारानं ज्याला वकील लावलं तो माणूस वेगळा होता.

कडक_भाकरी

ताई, चुकलो. मी गमतीत लिहिलं होतं.

माजी_नाझर

ज्युनिअरताईंनी लिहिलेला सोमवार मी कोर्टाच्या बाजूनं पुष्कळदा पाहिलाय. म्हणून वकीलसाहेबांना रीत सांगतो, तुम्हाला ठाऊक असेलच, पण घाईत लोक विसरतात.

वकीलपत्र आपोआप संपत नाही. कोर्टाच्या परवानगीनं मागं घ्यावं लागतं, आणि त्याआधी पक्षकाराला पुरेशी नोटीस. नोटीस पोचल्याची पावती अर्जासोबत. (रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, जुन्या सवयीनं तेच मागायला जाऊ नका.) काम झालं नाही तेवढी फी परत, असं बार कौन्सिलच्याच नियमात आहे. आणि कुणाची फी बाकी असली तरी कागद अडवून ठेवायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगून टाकलंय की वकिलाला पक्षकाराच्या कागदांवर असा हक्क नाही.

काळा_कोट_सोलापूर

सगळ्यांचे आभार. ज्युनिअरताई, तुमचं वाचून जेवण गेलं नाही, खरं सांगतो.

काल रात्री कपाट उघडून बसलो. २३७ पैकी ५८ फायलींत आता फक्त निकाल यायचाय, नाहीतर तडजोडीची बोलणी चालू आहेत. ४३ अपघाताचे क्लेम, त्यात विमा कंपनीशी बोलून लोकअदालतीत संपतील असे निम्मे. काही तर अशा, ज्यात पक्षकार चार वर्षांत फिरकलेला नाही. त्या उघडल्यावर धूळ आणि एक मेलेली पाल.

घोडं अडतं ते वाटपाच्या ७० दाव्यांवर. दोघं ज्युनिअर आहेत, दोघंही चांगले. पण ७० कुटुंबांच्या वंशावळी माझ्या डोक्यात आहेत, कागदावर नाहीत.

आणखी एक बोचतंय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यात सोलापूर आहे. इतकी वर्षं अपिलासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्र काढायची, मुंबईत सकाळी स्टेशनवर दाढी करायची आणि कळायचं की मॅटर बोर्डावर पोचलंच नाही. आता हे सगळं हाताशी आलं आणि मी निघालो. बार रूममध्ये एक मित्र म्हणाला, पंगत बसली आणि तू उठलास.

भीमाकाठ

मी वकील नाही, पक्षकार आहे. १४ वर्षं वाटपाचा दावा चालू. तुमच्याकडं नाही, दुसऱ्याकडं.

आमच्या बाजूनं ऐका. वकील बदलला की पहिल्यापासून सुरू. आजोबाला भाऊ किती, त्यातला दत्तक कोण, विहिरीवरची पट्टी कुणाच्या नावावर, फेरफार कुठल्या साली झाला. प्रत्येक वेळी सातबाऱ्याचं भेंडोळं सोडायचं. नवा वकील मान हलवतो, पण त्याला कळलेलं नसतं, आम्हाला दिसतं ते.

त्याहून मोठी गोष्ट गावात होते. वकिलानं केस सोडली की भावकी पारावर बसून सांगते, "त्याच्यात दम नव्हता म्हणून वकिलानं पण सोडली." तुम्ही दिल्लीला गेलात हे ते सांगत नाहीत. तेव्हा नोटीस पाठवायची ती पाठवा, पण शक्य तितक्यांना समोर बसवून सांगा. चारचौघांत सांगा. जमलं तर त्याच्या भावकीतला एखादा समोर असताना सांगा.

दिल्लीत_दहा_वर्षं

भीमाकाठ यांनी लिहिलेलं कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. वकीलसाहेब, दिल्लीत असली माहिती फार लागते. घेऊन या.

एक राहिलं. पैशाचं कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. खासदाराचा पगार १ एप्रिल २०२३ पासून महिना १,२४,००० आहे, भत्ते वेगळे. पक्षाच्या माणसाचं तसं काही ठरलेलं नसतं, जे ठरेल ते. आणि दिल्लीचं घरभाडं मात्र ठरलेलं असतं. मुलीला दहावीनंतर इथं आणणार असाल तर अकरावीचा विचार आत्तापासून करा.

गड्डा_गर्दी

वकिलीणबाई, दोन दिवस विचार केला. एका तागडीत घालायला नको होतं, मान्य. पण एवढं तरी म्हणू द्या, सगळेच हप्ता बघून थांबले तर दिल्लीत जाणार कोण? ज्यांना हप्ता नाही तेच ना?

वकिलीणबाई

हा मुद्दा मात्र खरा आहे. उत्तर नाही माझ्याकडं.

काळा_कोट_सोलापूर

तीन आठवडे झाले, काय झालं ते लिहितो.

पक्षाशी बोललो. पगार नाही, कामागणिक फी, लेखी पत्र मिळालं. त्यांना हे विचित्र वाटलं, एक गृहस्थ म्हणाले, "आपण कार्यकर्ता म्हणून येताय ना?" म्हटलं कार्यकर्ता आहे, पण सनदवाला. सहा महिने मी महिन्यातून एक आठवडा सोलापुरात येणार आणि वाटपाचे ३१ दावे स्वतः चालवणार. साक्षीपुरावा सुरू झालेले तेवढेच ठेवलेत. बाकीचे ज्युनिअरांकडं, पण फी घेतलेली असेल तिथं त्यांची फी मी देतोय. हिशेब मांडला तेव्हा बायको दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "तरी जा."

रोज संध्याकाळी सहा-सात पक्षकार बोलावले. भीमाकाठ, तुमचं ऐकलं. शक्य तिथं भावकीलाही बोलावलं. दोन ठिकाणी त्या निमित्तानं दोन्ही बाजू एका खोलीत आल्या आणि तडजोडीचं बोलणंच सुरू झालं. एक तर पुरसिसपर्यंत, म्हणजे कोर्टात तसं लेखी देण्यापर्यंत गेलं. १९ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

एक आजी आहेत मंद्रूपकडच्या. २००९ चा दावा. नवरा गेला, दिरांनी हिस्सा नाकारला. प्रत्येक तारखेला सकाळच्या एसटीनं येतात, फडक्यात बांधलेली भाकरी आणि चटणी माझ्या टेबलावर ठेवतात, पुकारा होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसतात. त्यांचा दावा मी ठेवून घेतलेल्या ३१ मध्ये नव्हता. साक्ष अजून सुरू नाही, आणि धाकटा ज्युनिअर त्यात माझ्यापेक्षा बरा आहे, कारण त्याला कन्नड येतं आणि त्यांचे दोन साक्षीदार कन्नडच बोलतात. हे सगळं मी त्यांना नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. विचारलं, "दिल्लीत तुमी कुणाची केस चालवणार?"

म्हटलं, पक्षाची.

"त्येंची बी भावकीच हाय व्हय?"

ज्युनिअर हसला. मी हसलो नाही, कारण मला खरंच उत्तर शोधावं लागलं. आजींनी नव्या वकीलपत्रावर अंगठा दिला. शाई पुसायला मी कागद पुढं केला तर त्यांनी पदरालाच पुसली. मग म्हणाल्या, माझे कागद द्या, मोजून घेते. दिले. सातबारा, फेरफार, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सगळं एकेक करून मोजलं. वाचता येत नाही त्यांना, पण कुठल्या कागदाचा कोपरा फाटलाय आणि कुठल्यावर चहाचा डाग आहे ते पाठ आहे. चौदा भरले. पिशवीत घालून त्या ज्युनिअरकडं वळल्या आणि ती पिशवी त्याच्या हातात दिली. माझ्या नाही.

पुढची तारीख १४ ला आहे. कर्नाटक एक्स्प्रेसचं तिकीट मी १६ चं काढलंय.

कडक_भाकरी

चटणी घेतली का?

काळा_कोट_सोलापूर

आजींची आहे. पुरेल महिनाभर.